टेम्पोत मावणारा टॉवर

शिवडीतल्या धातू वितळवणाऱ्या ओतशाळेच्या मागच्या अंगणात आग्नेलो गोन्साल्विस तापमापकाच्या काट्याकडे टक लावून उभा होता. काटा वर चढू नये, एवढंच त्याचं मागणं होतं. माणूस कितीही शिकलेला असो, जीव टांगणीला लागला की मागणं असं पोरकट होतं.

त्याच्या शेजारी त्याची भागीदार प्रिती राणे मोबाईलवर आकडे टिपत होती. ती काळाचौकीची, तो गिरगावचा. जवळच्याच दारूखाना भागातल्या एका भाड्याच्या शेडमध्ये दोघांनी मिळून समोरचा हा टॉवर बनवला होता. त्यासाठी प्रितीनं चांगली चालू नोकरी सोडली होती, आणि तीही आग्नेलोच्या शब्दावर.

भट्टीभोवती फिरून तापलेलं पाणी थंड करणारा टॉवर म्हणजे एरवी दुमजली घराएवढं धूड. एकदा बांधला की जन्मभर तिथलाच. वर पाणी फवारायला दांडगा पंप, वारा ओढायला दांडगा पंखा, आणि दोघांची भूक भागवता भागवता विजेचं मीटर धापा टाकतं. या दोघांचा टॉवर घडी होऊन एका टेम्पोत मावायचा. त्यात पाणी फवारायचंच नाही, ही प्रितीची युक्ती. माथ्यावर बारीक भोकांची एक रुंद चौकोनी ताटली होती, तिला दोघं परात म्हणायची. छोट्या पंपानं वर चढवलेलं पाणी परातीतून आपल्याच वजनानं खाली ठिबकायचं, प्लास्टिकच्या पातळ पडद्यांवरून पसरत उतरायचं आणि छोट्याशा पंख्याच्या वाऱ्यानं निवायचं. त्या भोकांचा नेमका आकार शोधण्यात प्रितीची कित्येक महिन्यांची झोप गेली होती.

आज तो पास व्हायलाच हवा होता. दारूखान्यातली शेड महिनाअखेर रिकामी करायची होती. इकडे ओतशाळेचे मालक मनूभाई यांनाही थोड्याच दिवसांत शिवडीतून गाशा गुंडाळून मुंबईबाहेर जायचं होतं. जुना टॉवर मोडीत निघाला होता, म्हणून त्यांना असा उचलून नेता येणारा टॉवर हवा होता. "चाचणीत पास झाला, तर माझ्या नव्या जागेत तुम्हाला शेड देतो. तिथंच बनवा," असा शब्द त्यांनी दिला होता. नापास झाला तर काय, हे दोघंही बोलत नव्हती. प्रितीला जुन्या कंपनीतून बोलावणं होतं. आग्नेलोच्या भावानं मस्कतला त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. म्हणजे खेळ खलास, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या.

आणि आग्नेलोच्या पोटात आणखी एक गोष्ट होती. ती प्रितीला ठाऊक नव्हती.

मागच्या महिन्यात शेडमधल्या चाचण्या काही केल्या जमत नव्हत्या. तेव्हा त्याची आई कार्मेन वांद्र्याच्या चर्चमधल्या मोतमावलीला जाऊन आली आणि येताना तिच्या पायाशी टेकवलेली एक जाडजूड मेणबत्ती घेऊन आली. असली मेणबत्ती त्यांच्या घरात कायम असते. वादळ आलं किंवा कुणी अखेरच्या घटका मोजू लागलं की पेटवायची. "मशीनपाशी ठेव बाबा, नाही पेटवलीस तरी चालेल," आई म्हणाली. प्रिती हसेल म्हणून त्यानं ती परातीच्या कोपऱ्यात, झाकणाखाली चिकटवून टाकली. दुसऱ्याच दिवशी चाचणी जमली. जमली ती प्रितीनं आदल्या संध्याकाळी भोकं बदलली म्हणून, हे त्याला चांगलं माहीत होतं. पण मन कुठं ऐकतं?

शेडमधल्या हीटरनं पाणी जेमतेम कोमट व्हायचं, त्यामुळे मेणबत्तीला धक्का लागला नाही. त्यापुढच्या उष्णतेचं गणित प्रितीनं कागदावर सोडवलं होतं. भट्टीचं पाणी मात्र हात पोळेल इतकं गरम येणार होतं. आज सकाळी झाकण बसवताना आग्नेलोचा हात मेणबत्तीकडे गेलासुद्धा. मेण किती उष्णतेला वितळतं, हे या गड्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण नेमकं आजच तिला काढायचं? त्याची छाती झाली नाही. त्यानं झाकण लावलं आणि बोल्ट आवळले.

भट्टी सुरू झाली. थोडा वेळ सगळं झकास चाललं. प्रितीनं त्याच्याकडे बघून अंगठा वर केला. मग काटा हलला.

"चढतोय रे," प्रिती म्हणाली.

"स्थिर होईल."

"नाही होत. वारा ठीक आहे, पंप ठीक आहे. वरून पाणी कमी पडतंय बघ."

काय झालं ते आग्नेलोला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरीही तो काट्याकडेच बघत राहिला. आतून भोंगा कोकलला. मुकादम रामू धावत आला, "मालक, भट्टी ट्रिप होतेय!" राखीव टाकीचं पाणी सोडलं, वितळलेल्या धातूचा रस घाईघाईनं ओतून टाकला, आणि मनूभाईंची त्या दिवसाची भट्टी थंड झाली.

झाकण उघडलं तर परातीची अर्धी भोकं बुजलेली. खाली पडद्यांवर पांढरा थर. गरम पाण्यात वितळलेलं मेण भोकांच्या तोंडाशी आणि पडद्यांवर पंख्याचा वारा लागताच निवून पुन्हा घट्ट होऊन बसलं होतं.

"क्षार," प्रिती म्हणाली. "पाण्यातले क्षार बसलेत, मनूभाई. पाण्यात टाकायच्या औषधाचं प्रमाण मी ठरवलं होतं. माझीच चूक."

एवढ्यात क्षार बसत नसतात, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण बुडत्या माणसाला काहीतरी धरावं लागतं, आणि तिनं स्वतःचीच चूक धरली. आग्नेलो गप्प राहिला असता तर ती चूक तिच्या नावावर कायमची चिकटली असती. क्षणभर, खरंच क्षणभर, तो गप्प राहिला. त्या क्षणाची त्याला पुढे फार लाज वाटली.

मग त्यानं नखानं तो थर खरवडला, कोपऱ्यातली काळी वात ओढून काढली आणि तळहातावर धरली. "क्षार नाहीत. मेण आहे. मी मेणबत्ती ठेवली होती आत. मोतमावलीची."

रामूनं नकळत छातीला हात लावला. मनूभाईंनी ती वात उचलून पाहिली आणि परत त्याच्या तळहातावर ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

"खोटं नाय बोलला, चांगलं केलं," ते म्हणाले. "पण आग्नेलो, मला एक सांग. दसऱ्याला माझी माणसं या टॉवरची पूजा करणार. हार घालणार, हळदकुंकू, तांदूळ टाकणार. त्याशिवाय इथं कोण भट्टीला हात पण लावत नाय. मी त्यांना नको बोलू काय? एका मेणबत्तीनं मरतो तो टॉवर, माझ्याकडे जगेल कसा?"

"जाळी बसवतो, मनूभाई. परातीवर जाळी बसवली की काही आत जाणार नाही. थोडे दिवस द्या फक्त. पाया पडतो तुमच्या."

"दिवस माझ्याकडे असते तर तुमच्याकडे आलो असतो काय? उद्यासाठी मी भाड्याचा टॉवर सांगतो, क्रेननं आणावा लागला तरी. तुम्ही हा उचला."

ते आत गेले. रामूही गेला. प्रिती परातीच्या कडेवर हात ठेवून उभी होती.

"माझ्या आकड्यांवर विश्वास नव्हता तुझा?"

"होता गं."

"मग मेणबत्ती कशाला?"

"भीती वाटत होती."

"भीती मलाही वाटत होती," ती म्हणाली. "पण मी तुला सांगितली. रोज सांगितली. तू मला एकदा तरी सांगायचीस." आणि ती रडायला लागली, अगदी उघडपणे, अंगणातली माणसं बघत असताना. आग्नेलोला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. तेवढाही हक्क आपण गमावला, असं वाटून तो पान्याकडे वळला.

बोल्ट सुटले. बाजू आत दुमडल्या, पंखा खाली बसला, पडदे चवडीनं निघाले. ना क्रेन लागली, ना वेल्डिंग. ओतशाळेतली माणसं हातातली कामं टाकून बघायला आली. चहा पिऊन होईतो अख्खा टॉवर टेम्पोत चढला होता. ठरवल्याप्रमाणे आज एवढं एकच झालं.

"काय मस्त घडी होते हो याची!" रामू म्हणाला. त्याच्या आवाजात जराही खोट नव्हती.

प्रिती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. आग्नेलो मागे, टॉवरला टेकून. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि मान बाहेर काढली.

"साहेब, कुठं न्यायचा?"

कुठंही नेता येईल असाच तर बनवला होता; पण महिनाअखेरनंतर न्यायला जागाच नव्हती. आग्नेलोनं केबिनच्या मागच्या काचेतून प्रितीकडे पाहिलं. ती समोर बघत होती. वात अजून त्याच्या मुठीतच होती.

ड्रायव्हरनं पुन्हा विचारलं.