तीन मिलिमीटर

आत्या जन्मभर शिवणकाम करत आली आणि जन्मभर दातांनी दोरा तोडत आली. कात्री हाताशीच असायची, पण सवयीला औषध नाही. शेवटी डाव्या सुळ्यामागचा दात गेला, आणि तिने दातांची डॉक्टर असलेल्या भाचीचा दवाखाना गाठला.

भाचीने इम्प्लांट बसवलं. हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर नवा दात. काम इतकं चोख झालं, की ती स्वतःवरच खूश झाली. पण वर्षाने एक्स-रे पाहिला आणि ती पडद्याजवळ सरकली. स्क्रूभोवतीचं हाड दीड मिलिमीटर खाली उतरलं होतं. पू नाही, सूज नाही. आत्या दात घासायची तेही शिलाई मशीनच्या वेगाने, टाका न चुकवता.

"दुखतंय का गं?"

"छे! तुझाच चेहरा दुखल्यासारखा झालाय."

भाचीने सगळं काम मनात पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडेना. पुढच्या वर्षी हाड तिथल्या तिथेच होतं, केसभरही हललं नव्हतं. हे तर आणखीच कोडं.

उत्तर एका शोधनिबंधात मिळालं. हिरडी पातळ असेल तर इम्प्लांटभोवतीचं हाड पहिल्याच वर्षात जास्त झिजतं, असं त्यात मोजमापांसह लिहिलं होतं. भाची खुर्चीत ताठ बसली. हाड तिने दहादा मोजलं होतं, हिरडी एकदाही नाही.

तेवढ्यात आत्याचा उजव्या बाजूचा तोच दातही गेला. या वेळी भाचीने हिरडी उघडली आणि आधी तिच्या कडेला मापाची सळई लावली. जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. तिने टाळूतून मांसाची एक पातळ पट्टी घेतली, स्क्रू बसवून झाल्यावर ती हिरडीखाली सरकवली आणि वरून टाके घातले.

"काय केलंस एवढा वेळ?" भूल उतरताना आत्याने वाकड्या तोंडाने विचारलं.

"हिरडी पातळ होती, आतून जाड केली."

"म्हणजे अस्तर लावलंस! मग गेल्या वेळी मलाच विचारायचं होतंस की."

वर्ष सरलं. नवा एक्स-रे पडद्यावर आला. उजवीकडचं हाड स्क्रूच्या काठाला जिथल्या तिथे. भाचीला हायसं वाटलं, पण डावीकडचं हाड मधेच का थांबलं, ही शंका मनातून जाईना. आत्याची परवानगी घेऊन तिने दोन्हीकडे भूल दिली आणि बारीक सळई हिरडीच्या काठातून हाडाला टेकेपर्यंत आत नेली.

उजवीकडे तीन मिलिमीटर.

डावीकडे, जिथे हाड झिजलं होतं, तिथेही तीन.

तिने पुन्हा मोजलं. आकडा तोच. मग तिने डावीकडचा जुना एक्स-रे पडद्यावर आणला.

"अगं, बोल की काहीतरी! बिघडलंय का?"

"नाही आत्या. तोंडातले जंतू हाडापर्यंत पोचू नयेत म्हणून शरीर स्क्रूभोवती हिरडीची घट्ट कॉलर बनवतं. तिला एवढी उंची लागतेच. उजवीकडे ती अस्तरामुळे आयती मिळाली. डावीकडे नव्हती, म्हणून हाडाने मागे सरून जागा करून दिली. हवी तेवढी झाली आणि थांबलं."

"आणि हे कधी झालं?"

"तू शिवत होतीस, मी काळजी करत होते, तेव्हा."

आत्याने बधिर गालावरून सावकाश बोट फिरवलं. "मला न विचारता," ती पुटपुटली. "इतकं मोजूनमापून."

बाहेर पुढचा पेशंट खोकला. दारातून मदतनीस बाईंनी दोनदा डोकावून पाहिलं. पण भाची पडद्यासमोरच उभी होती. ज्या एक्स-रेने तिची झोप उडवली होती, तोच ती आता डोळे भरून पाहत होती.