चिकटलेलं पान एकशे बारा

मी एक जुनी, लाल कापडी पाठीची वही आहे, मित्रांनो, आणि अजूनही गोंदाचा वास आला की माझ्या अंगावर काटा येतो!

मी सल्लागार परिषदेची वही. रस्ता, पूल, धरण, काहीही बांधायचं म्हटलं की सरकार आधी या परिषदेला विचारतं. तिचे सभासद सरकारचे नोकर नाहीत, म्हणून ते कुणाची भीडभाड ठेवत नाहीत. सल्ला मानायचा की नाही, ते सरकार ठरवतं. पण मला पूर्ण वाचल्याशिवाय मंत्र्यांना सही करता येत नाही. एकट्या सभासदाचं मत वेगळं पडलं, तरी त्याला माझं स्वतंत्र पान मिळतं. समोरचं पान सरकारच्या उत्तरासाठी कोरं. काय ऐट होती माझी!

मग नाला बुजवून रस्ता करायचं निघालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त माती तपासणाऱ्या मातीताईंनी एकशे बाराव्या पानावर लिहिलं, 'पाणी तुंबेल आणि खालच्या शाळेत शिरेल.' ती शाळा आमच्या खिडकीतून दिसते.

दुसऱ्याच दिवशी रस्तेखात्याचे साहेब आले.

"काका, ते पान नको."

"फाडलं तर आकडा चुकेल, साहेब," लेखनिककाका पुटपुटले.

"मग डोकं चालवा की!"

काकांनी कडेकडेने गोंद फिरवला. एकशे बारा आणि एकशे तेरा एकमेकांना चिकटली. माझा श्वास कोंडला. ओरडू कशी? माझं तोंडच बंद केलं होतं! मी अशीच मंत्र्यांकडे गेले, तर त्या मुलांचं काय?

पण परिषदेच्या अध्यक्षबाईंची एक सवय होती. सहीआधी त्या बोटाने पानं मोजत.

"एकशे दहा, एकशे अकरा, एकशे चौदा... काका, मधली दोन गिळलीत की काय?"

"बाई, गोंद सांडला..."

"बरा शहाणा गोंद! नेमका कडेकडेने सांडला?"

काकांनी मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी मला चहाच्या किटलीच्या वाफेवर धरलं. अक्षरं फुटली तर? या भीतीने मी अर्धी झाले. एक कोपरा गेला, पण 'शाळेत' हा शब्द वाचला.

मंत्र्यांनी ते पान वाचलं. एकशे तेरावं मात्र अजून कोरंच आहे, आणि नाल्याकाठी मातीचे ढीग येऊन पडलेत. रोज शाळेची घंटा ऐकू येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, माझ्यासारखी वही नुसती पुसून कपाटात ठेवू नका. तिची पानं मोजा. आणि कोऱ्या पानाचं उत्तर मागा, घंटा वाजतेय तोवर.