अडतीस पानं

"बाई, हे समजलं न्हाई तर शुक्रवारी माझी खुर्ची गेली," म्हणत चंद्रकांतनं कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला.

तो माझ्या चौथीच्या वर्गातला, एव्हाना चाळिशीचा. पिरंगुटच्या एका कारखान्यात बारा वर्षं सहा सर्व्हर सांभाळत होता. दोन हजार नऊ साल होतं. मालकांनी ठरवलं, सहांऐवजी एकच मोठं मशीन घ्यायचं आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं सहा वेगळी मशीन चालवायची. शुक्रवारी जो ते करून दाखवेल, तो राहील. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतूनही त्या जागेसाठी कुणी येणार होतं.

शिकायचं कुठून? अप्पा बळवंत चौकात पुस्तक मिळालं नाही. पुण्यातला क्लास दीड महिन्याचा. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर चालेच ना. शेवटी नेट कॅफेत नवशिक्यांसाठीचं एक पुस्तक सापडलं, तर छापता छापता वीज गेली. हाती आली अडतीस पानं.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण इंग्रजी वाचता येत होतं, आणि न कळणाऱ्याला कसं सांगायचं, हे छत्तीस वर्षं मुलांनीच मला शिकवलं होतं. दोन वेळा वाचून मी विचारलं, "मारुंजीला तुझ्या मेव्हण्यानं खोल्या भाड्यानं दिल्यात ना? घर एक, पाण्याची टाकी एक. पण प्रत्येक बिऱ्हाडाचं दार वेगळं, कुलूप वेगळं."

तो कागदाकडे बघत राहिला. "म्हंजी मोठं मशीन घरमालक. अन् आपले सर्व्हर भाडेकरू." मग आल्यापासून पहिल्यांदा हसला. "मेव्हणा पानी बी मोजून देतो, बाई."

"इथंही मेमरी मोजूनच द्यायची आहे. पान नऊ."

सरावाला मशीन नव्हतं. मी शंभर पानी वहीत एकेका पानावर एकेक स्क्रीन काढली. पेन्सिलीच्या चौकटी, पेन्सिलीची बटणं. तो बोटानं बटण दाबायचा, मी पान उलटायची. चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

बुधवारी संध्याकाळी तो म्हणाला, "आत्ताच कोथरूडला जाऊन ऱ्हायलेली पानं छापून आणू का? उद्या गुरुवार. हितं दिवसभर लाईट न्हाई."

मी कधी मुलांना घाईनं पुढचा धडा दिला नाही. "आधी एवढं घट्ट कर," म्हणाले. चौथीत बसायचा तसा तो मुकाट बसला.

शुक्रवारी चार वाजता तो आला. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. स्क्रीन वहीतल्यासारख्याच उघडत गेल्या. हात कुठं अडला नाही. मशीन सुरूही झालं. मग साहेब म्हणाले, आता हे कारखान्याच्या नेटवर्कला जोडा. ते एकोणचाळिसाव्या पानावर असणार. दहा मिनिटं तो माऊस धरून बसला. हिंजवडीहून आलेल्या मुलीनं ते दोन मिनिटांत केलं.

"मी तुला बुधवारी जाऊ द्यायला हवं होतं," मी म्हणाले.

"तुमी शिकिवलेलं येक बी चुकलं न्हाई, बाई."

वही माझ्या हातात देऊन तो गेला. मी शेवटची स्क्रीन उघडली. तिथलं 'सुरू' बटण दिसत नव्हतं. दाबून दाबून पेन्सिल पार पुसली गेली होती.