दोन इंदिरांची एक केली

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, आणि मोठं मन वगैरे तर मुळीच नाही. जुन्या छत्र्या आणि फाटकी पुस्तकं तुम्हाला आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मी कुणालाही माफ केलेलं नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माझा जन्म श्रीरामपूरचा, दोन हजार दोन सालचा. एसटी स्टँडजवळ बिभीषण सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथे नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका जया बेलापूरकर आल्या. काखेत जाडजूड वही, आणि वहीत बेलापूरकर घराण्याची चारशे बारा माणसं. ती वंशावळ त्यांना कॉम्प्युटरवर चढवायची होती. सरांनी एक तयार प्रोग्रॅम दाखवला. त्यात माणसाला नावाचा एकच रकाना. बाई म्हणाल्या, "सर, आमच्यात बाईला दोन नावं असतात. एक आईबापांनी ठेवलेलं, एक सासरी ताटातल्या तांदळांवर लिहिलेलं. मला दोन्ही पाहिजेत."

"मॅडम, लई किचकट काम हाय," सर म्हणाले, "पन करतो."

तीन महिने खपून सरांनी मला घडवलं. माहेरच्या नावाचा रकाना, सासरच्या नावाचा रकाना, वडिलांच्या नावाचा वेगळा, आणि तारखेऐवजी तिथी लिहिली तरी चालेल अशी सोय. माझ्यासारखा दुसरा नाही. ही बढाई नाही, खरंच नाही.

बाईंचा हट्ट कशापायी होता ते मला पहिल्याच नोंदीवरून कळलं. त्यांचे वडील शामकांत, देवळाली प्रवरेला मास्तर होते. त्यांची पहिली बायको माहेरची गोदावरी, कोपरगावची. लग्नात तिचं नाव इंदिरा ठेवलं. जया दहा दिवसांची असताना ती गेली. वर्षाच्या आत मास्तरांचं दुसरं लग्न लागलं. ही नवरी माहेरची कृष्णा. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या तोंडात इंदिरा बसलंय. आता नवी हाक कुठे शिकत बसू?" झालं! हीसुद्धा इंदिरा. पुढे घरात कुणी इंदिरा म्हटलं की ते दुसरीलाच. पहिलीचा फोटो नाही, पत्र नाही. भांड्यांवर कोरलेली इंदिरा कोणती तेही कुणाला सांगता येईना. जयाबाईंकडे आई म्हणून काय उरलं होतं? एक शब्द. तो त्यांनी एका बोटाने माझ्यात टाईप केला, गोदावरी, आणि कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसल्या. तेव्हाच मी ठरवलं, या नावाला कुणी हात लावला तर याद राखा.

त्यानंतर वीस वर्षं माझा काय थाट होता म्हणून सांगू! भावकीत कुणी वारलं की सुतक दहा दिवसांचं की तीन, हे विचारायला लोक बाईंना फोन करायचे. बाई मला उघडायच्या आणि मी पिढ्या मोजून द्यायचो. एकदाही चुकलो नाही.

मग गेल्या वर्षी बाईंचा भाचा माझ्या वाटेला गेला. याचंही नाव शामकांत, कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. कृष्णेचा, म्हणजे दुसऱ्या इंदिरेचा, मुलगा वसंत; त्या वसंताचा हा मुलगा. बाई याच्याकडेच राहतात. याला घराण्याचं संमेलन भरवायचं होतं आणि कुलवृत्तांत छापायचा होता. "आत्याच्या त्या डबड्यातून काही होणार नाही," असं माझ्यासमोर म्हणाला आणि लॅपटॉपवर एक नवाकोरा परदेशी प्रोग्रॅम घेऊन बसला.

माणसं एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची तर मी ती एका फायलीत बांधून द्यायची आणि नव्या प्रोग्रॅमने ती सोडून घ्यायची. मी पडद्यावर स्वच्छ मराठीत इशारा दिला: माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि तिथ्या या फायलीत जाणार नाहीत. पुढे जायचं? शामकांतच्या एका हातात चिवड्याची वाटी होती. दुसऱ्या हाताने त्याने "हो" दाबलं. मग त्या परदेशी साहेबाने विचारलं: सारख्या नावांची माणसं सापडली, एकच समजायची का? "सगळ्यांना हो!" आत्याला विचारायचं नाव नाही. काम झाल्यावर माझ्या कॉम्प्युटरची वायर उपटली आणि वर जुनी चादर टाकली. मी चादरीखाली बसून दिवस मोजू लागलो.

संमेलनात काय झालं ते घरी परतल्यावर सुमेधावहिनींनी, म्हणजे शामकांतच्या बायकोने, फोनवर कुणाला तरी सांगितलं तेव्हा मी ऐकलं. पहिली प्रत जयाबाईंच्या हातात दिली. त्यांनी आपलं पान काढलं. "शामकांत, माझी आई कुठाय?"

"आहे की आत्या. ही बघ, इंदिरा."

"ही कृष्णा. माझी आई कुठाय?"

"अगं, शेवटी नाव एकच ना!"

बाईंनी पुस्तक मिटलं. जेवायलाही बसल्या नाहीत.

आणि शामकांतचं काय झालं होतं? ऐका, ऐका! आजोबा शामकांत आणि नातू शामकांत यांचाही एकच माणूस झाला होता. पुस्तकात छापलं होतं, "कै. शामकांत, पत्नी इंदिरा व सुमेधा". वसंताचा मुलगाही तोच आणि वसंताचा बापही तोच. पंगतीत कुणी वहिनींना म्हणालं, "काय हो, तेराव्याला बोलावलं नाहीत आम्हाला!" अशा बत्तीस जोड्या एक झाल्या होत्या. वाटलेल्या प्रती गोळा करून दोनशेच्या दोनशे टेम्पोत घालून घरी आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामकांतने चादर ओढली आणि मला सुरू केलं. मी लिहिलं, फाईल सापडत नाही. त्याने पुन्हा केलं. फाईल सापडत नाही. घाम पुसत तिसऱ्यांदा. फाईल सापडत नाही! माझ्या उभ्या आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

तेवढ्यात बाई आल्या. त्याला खुर्चीवरून उठवलं, एका बोटाने माझं नाव टाईप केलं, आणि मी पटकन उघडलो. गोदावरी होती तिथेच होती. बाईंनी शामकांतच्या हातात शाईचं पेन दिलं. "लिही. प्रत्येक पुस्तकात, माझ्या नावाच्या वर. आई गोदावरी, कोपरगावची."

"आत्या, दोनशे? आणि माझं ते कैलासवासी?"

"तुझं नंतर बघू."

साठ प्रती होईतो तो कुरकुरत होता. शंभरीच्या पुढे कुठेतरी पेन थांबलं. "आत्या, गेली तेव्हा ती किती वर्षांची होती गं?"

"एकोणीस."

शामकांतची मुलगी रुचा एकोणीसचीच आहे, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. उरलेल्या प्रती त्याने मान वर न करता लिहिल्या.

हे बघून माझा राग निवायला हवा होता, नाही का? नाही निवाला. "राग सोडायचा?" या प्रश्नावर बाईंनी दोनशे वेळा "हो" दाबलं तरी निवणार नाही. मित्रांनो, बाई आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. माझ्यात अजून कितीतरी बायकांची माहेरची नावं आहेत, आणि ती बाईंना सोडून कुणालाच ठाऊक नाहीत. तुमच्या पणजीचं माहेरचं नाव तुम्हाला सांगता येईल? येत नसेल तर आजच घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि त्याच्या तोंडून ऐकून घ्या. माझ्याकडे येऊ नका. मी फक्त बाईंच्या बोटाला उघडतो, आणि त्यांच्यानंतर कुणालाही उघडणार नाही.