अर्ध्या पलंगाची फळी

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. सिडकोतल्या त्या घरात माणसे चार होती आणि प्रमाणपत्रे तीन.

तिन्ही प्रमाणपत्रे रामकिसन सोनवण्यांनी एकाच मापाच्या चौकटींत बसवली आणि पाणसळ धरून बैठकीच्या भिंतीवर एका रेषेत टांगली. पहिले त्यांचे स्वतःचे, दुसरे मुलगा शिवराजचे, तिसरे सून दीपमालाचे. हृदय बंद पडलेल्या माणसाचे प्राण कसे राखावेत याचे शिक्षण या व्यक्तीने पूर्ण केले आहे, असे प्रत्येकावर सोनेरी शिक्क्यासह छापलेले होते. शिक्षण मोबाइलवर झाले होते. दोन तासांचा व्हिडिओ. त्यात निळा टी-शर्ट घातलेला एक तरुण रबरी धडाच्या छातीवर दाब देत राही. शेवटी वीस प्रश्न. सोळा उत्तरे बरोबर आली की प्रमाणपत्र पडद्यावर हजर.

"अण्णा, मी तर क्रिकेट बघत बघत पास झालो," शिवराज म्हणाला.

"म्हणूनच तुझं मधी लावलंय," रामकिसन म्हणाले. "दोन्ही बाजूंनी आधार असावा."

तंत्रनिकेतनातून विजेची पदविका घेऊन रामकिसनांनी चौतीस वर्षे उपकेंद्रांत काढली होती. त्या प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसे आणावे याचा तक्ता काचेत लावलेला असे. चौतीस वर्षे तो तक्ता त्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि एकदाही खाली उतरवावा लागला नव्हता. गेल्या दिवाळीत मात्र त्यांना स्वतःलाच हृदयविकाराचा झटका आला. नळी बसवून घरी पाठवताना डॉक्टरांनी सांगितले, की हृदयाचे काम तिसऱ्या हिश्शावर आले आहे. पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. रामकिसनांनी ते ऐकले आणि घरी येऊन, एखाद्या यंत्राचा भरवसा संपल्यावर शहाणा माणूस करतो तेच केले. पर्यायी व्यवस्था उभी केली. आपण कधी तरी या घरात कोसळणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्या वेळी कोणी कुठे उभे राहायचे, फोन कोणी करायचा, दार कोणी उघडायचे, एवढेच ठरवायचे उरले होते.

त्या दुपारी पहिली तालीम झाली. रामकिसन पलंगावर आडवे झाले आणि दीपमालाने व्हिडिओतल्याप्रमाणे मोठ्याने म्हटले, "रुग्णाला ताबडतोब कठीण जागेवर, जमिनीवर घ्या."

रामकिसनांच्या पत्नी द्वारकाबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या.

"कुठं घ्या म्हनली?"

"जमिनीवर, आई. गादीवर दाब दिला तर गादीच दबते, छाती दबत नाही."

"भुईवर?" द्वारकाबाई आत आल्या. "जित्या मानसाला भुईवर घेत नाईत, पोरी. मानूस जायला लागला की त्याला भुईवर घेतेत. देवगावला मामंजींना घेतलं. सगळे म्हने, अजून हायेत, अजून हायेत. घेतलं अन् घटकाभरात गेले. भुईनं एकदा पाठ धरली की ती सोडत नाय."

"आई, ते जाणारच होते म्हणून घेतलं ना," शिवराज हसून म्हणाला.

"तू क्रिकेट बघ," द्वारकाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "माझ्या डोक्यावर हात ठिवा. जितेपनी तुम्हाला भुईवर घ्यायचं नाय, अन् मला बी नाय."

रामकिसनांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. परंतु बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने त्यांच्याकडे शपथ अशी ही पहिलीच मागितली होती. त्यांनी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस तेलाने थंड लागले. आपण शब्द दिला तो केवळ घरातली शांतता राखण्यासाठी, असे त्यांनी मनाशी नोंदवले. तरी हात काढून घेताना त्यांना उगाचच वाटले, की कुठे तरी एक खटका बंद झाला.

शब्दही मोडायचा नाही आणि शास्त्रही सोडायचे नाही, तेव्हा त्यांनी तिसरा मार्ग काढला. भुईवर घेणे जर चालत नसेल, तर पलंगच भुईसारखा कठीण करावा. दुसऱ्या दिवशी क्रांती चौकाच्या पुढे एका ओळखीच्या दुकानात जाऊन त्यांनी अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची फळी मागितली. लांबी सहा फूट, रुंदी तीन.

"पलंग के नीचे डालना है? कमर का दर्द क्या, इंजिनेर साब?" दुकानदार चाचांनी विचारले.

"कंबर नाही. दिल का."

"दिल के वास्ते प्लाय पहली बार बेच रहा हूँ." चाचांनी पट्टी लावून खूण केली, पण करवत लावली नाही. "पलंग तो छे बाय छे का बोले ना तुम? फिर आधे का कायकू लेते? पूरा डाल लेव."

"दुसरी बाजू मजबूत आहे," रामकिसन म्हणाले. द्वारकाबाईंना कधी डोके दुखल्याचेही त्यांना आठवत नव्हते, आणि जिथे भार नाही तिथे आधार देणे हा त्यांच्या शिक्षणाप्रमाणे अपव्यय होता.

फळी त्यांच्या बाजूच्या गादीखाली गेली. त्यामुळे पलंगाच्या मधोमध बोटभर उंचीची पायरी तयार झाली. "तुम्ही आता साहेब झालात, वरच्या मजल्यावर झोपता," असे म्हणून द्वारकाबाई भिंतीकडच्या आपल्या खालच्या बाजूला निजत. पुढल्या सगळ्या तालमी फळीवर झाल्या. माणसाला पलंगावरून खाली कसे उतरवायचे, हे मात्र त्या घरात एकदाही करून पाहिले गेले नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. शिवराज वाळूजला कामावर आणि दीपमाला तिच्या शाळेत गेली होती. ऊन कौलाइतके तापले होते. सकाळपासून द्वारकाबाई जरा मंदच होत्या. गहू निवडता निवडता त्या थांबल्या आणि त्यांनी जबडा चोळला.

"दाढ ठनकतीय की काय, कळंना."

"लवंग धर," पेपरातून मान वर न करता रामकिसन म्हणाले.

थोड्या वेळाने द्वारकाबाईंनी पाठीला बाम लावून मागितला. मग ओवा चावला. मग म्हणाल्या, "मळमळतंय. ऊन लागलं वाटतं. पडते जरा."

"पड."

वीस प्रश्नांतला चौदावा प्रश्न असा होता: स्त्रियांमध्ये हृदयविकाराची लक्षणे कोणती? जबड्यात वेदना, पाठीत वेदना, मळमळ व थकवा, की वरीलपैकी सर्व? रामकिसनांनी 'वरीलपैकी सर्व' यावर खूण केली होती आणि गुण मिळवला होता. त्या दुपारी तो प्रश्न त्यांना आठवला नाही. हृदयविकार ही त्या घरात त्यांची एकट्याची मालमत्ता होती.

तीन वाजून बारा मिनिटांनी आतल्या खोलीतून आवाज आला. घोरल्यासारखा, पण घोरण्याला लय असते, याला नव्हती. एक घरघर, मग दीर्घ शांतता, मग आणखी एक. रामकिसन दाराशी गेले. द्वारकाबाई भिंतीकडे, आपल्या खालच्या बाजूला पडल्या होत्या. तोंड उघडे होते आणि डोळे अर्धे मिटलेले. हे श्वास नव्हेत, निळ्या टी-शर्टातल्या तरुणाने सांगितले होते. हे श्वास समजून फसू नका.

त्यांनी हाक मारली, खांदे हलवले. फोनचा स्पीकर लावून १०८ला पत्ता सांगितला, खिडकीतून शेजारच्या गोजरबाईंना हाक दिली. इथपर्यंत सर्व काही ठरल्याप्रमाणे झाले. मग त्यांनी पलंगावर गुडघा टेकून पत्नीच्या छातीवर तळहात ठेवला आणि दाबले.

गादी खाली गेली. तिच्याबरोबर द्वारकाबाई खाली गेल्या आणि वर आल्या. त्यांनी पुन्हा दाबले. कापूस आणि काथ्या यांच्यामध्ये त्यांचा सगळा जोर शोषला जात होता.

भुईवर घ्यायला हवे होते. ते त्यांना त्याच क्षणी समजले, यात संशय नाही. त्यांनी चादरीची टोके मुठीत धरलीही. पलंग भिंतीपासून लोटून एक हिसडा, की बाई घसरून फरशीवर आली असती. परंतु ज्या तळव्यात चादर होती त्याच तळव्याला तेलाने थंड झालेले केस आठवले. भुईवर घेणे म्हणजे ती गेली असे आपणच म्हणणे. इतकी वर्षे ज्या समजुतीकडे त्यांनी अडाणीपणा म्हणून पाहिले, ती आता त्यांच्या मनगटात उतरून बसली होती. आणि फळी तर तीन फुटांवर होती. शब्द मोडल्याशिवाय काम होण्यासाठीच तर ती आणली होती.

त्यांनी चादर आपल्या बाजूला ओढायला सुरुवात केली.

गोजरबाई धापा टाकत आत आल्या, त्यांनी एकवार पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"भाऊ, घरघर लागली हो. तुळस आनू? दोन थेंब पानी तरी घालू तोंडात."

"पाणी नको. गुदमरेल. पाय धरा. इकडं घ्यायचंय."

"इकडं म्हंजी?"

"माझ्या बाजूला. खाली फळी आहे."

गोजरबाईंना काही उमगले नाही, पण त्यांनी पाय धरले. द्वारकाबाईंचे सुटलेले अंग जड झाले होते. ते मधल्या पायरीपर्यंत आले आणि तिथे अडले. रामकिसनांनी काखेत हात घालून ओढले. अठरा मिलिमीटरचा उंबरा. मांजरही सहज ओलांडील एवढा. त्यांच्या स्वतःच्या छातीत डावीकडे काही तरी आवळत गेले. ते थांबले, दम घेतला, पुन्हा ओढले. खांदे वर आले तर कंबर खाली राहिली. कंबर सावरायला जावे तर डोके मागे लोंबकळे. घड्याळाचा सेकंदकाटा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. घरघरींतली अंतरे वाढत चालली होती.

"भाऊ," गोजरबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता भुईवरच घ्या. जीव अडकलाय तिचा. लई हाल नका करू."

ज्या अर्थाने त्या बोलल्या, तो रामकिसनांना नको होता. पण शब्द त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणी तरी उच्चारला होता, आणि तेवढ्याने मूठ सुटली. त्यांनी उलटी दिशा धरली. पलंग भिंतीपासून लोटला, चादर घट्ट केली आणि दोघांनी मिळून द्वारकाबाईंना फरशीवर उतरवले. पायापासून डोक्यापर्यंत सगळे ते काम एका खेपेत झाले. इतके सोपे होते ते.

रामकिसन गुडघ्यांवर बसले. या वेळी छाती दबली. हाताखाली एक बरगडी मोडल्याचेही त्यांना कळले. ते मोठ्याने मोजू लागले. तिसाव्या आकड्याला त्यांच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके आले.

"तुम्ही जाल, भाऊ. सरका," गोजरबाई म्हणाल्या.

"कोपर वाकवू नका. असं. मी मोजतो, माझ्या आकड्यावर दाबा."

त्या दाबत राहिल्या आणि ते भिंतीला टेकून, हात छातीवर धरून मोजत राहिले. गाडी आली तेव्हाही ते मोजतच होते. खाकी कपड्यांतल्या माणसांनी द्वारकाबाईंना उचलून नेले, तरी रिकाम्या फरशीकडे पाहून त्यांच्या तोंडातून आणखी सात-आठ आकडे आले.

इस्पितळात हृदय पुन्हा चालू झाले. द्वारकाबाई मात्र परत आल्या नाहीत. यंत्राच्या श्वासावर तिथेच पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली.

"काका, मेंदूला रक्त पोहोचायला उशीर झाला. पडल्यापासून नीट दाब सुरू व्हायला किती वेळ गेला असेल? अंदाजे."

"अंदाजे कशाला," रामकिसन म्हणाले, आणि त्यांनी आकडा सांगितला. शिवराजने मान खाली घातली. दीपमाला त्यांच्याकडे पाहत राहिली. खाली घ्यायला एवढा वेळ का लागला, हा प्रश्न तिला तिथेच पडला असावा.

तिसऱ्या पहाटे द्वारकाबाई गेल्या.

दहाव्याला देवगावहून माणसे आली. धाकटी जाऊ कडूबाई ओट्यावर बसून बायकांना सांगत होती, "जितेपनी भुईवर घेतली म्हने. मंग काय व्हनार? ती बिचारी आदीच सांगून ठिवली व्हती." आतून ते रामकिसनांना स्पष्ट ऐकू आले. बाहेर जाऊन खरे काय ते सांगावे, असे त्यांच्या मनात आले. परंतु खरे काय ते सांगायचे, तर फळीपासून सुरुवात करावी लागली असती.

पाहुणे गेल्यावर त्यांनी भिंतीवरचे आपले प्रमाणपत्र उतरवले. मागे कोरा चौकोन राहिला आणि शिवराजचे एका बाजूने उघडे पडले. मग त्यांनी आतल्या खोलीत फरशीवर चटई अंथरली, उशी ठेवली आणि दिवसाउजेडीच तिच्यावर पाठ टेकली.

दीपमाला दारात थबकली. "अण्णा, हे काय? उठा. खाली नका झोपू."

"का गं?"

सगळे शिकलेली ती मुलगी, पण तिचाही चेहरा उतरला.

"आता मला कुणी उतरवायला नको," रामकिसन म्हणाले. "तेवढा टेप दे कपाटातला."

तिने टेप दिला. पडल्या पडल्याच त्यांनी त्याचे एक टोक फरशीला लावले, दुसरे पलंगाच्या गादीपर्यंत नेले आणि मोजले. एकवीस इंच. तेवढे अंतर उतरायला सहा मिनिटे लागली होती.