तेलाचा चिमटा, वायरचा चिमटा

कडेगावात भांडणं बांधावरनं होतात. पण यंदा दसऱ्याच्या तोंडावर नाथाजींच्या ओट्यावर सायकलीच्या ब्रेकवरनं भांडण पेटलं, आणि ते इतकं तापलं की शेजारच्या बनुबाईनं ओट्याच्या कडेला पापड वाळवून घेतले.

सायकल नाथाजींच्या नातीची, प्रियदर्शनीची. सांगलीला विश्रामबागेत कॉलेजात शिकणारी ही पोरगी गेल्या साली साताऱ्याला यवतेश्वराच्या घाटात सायकल उतरवायच्या शर्यतीला गेली होती. जुन्या सायकलचे रबरी ब्रेक दाबून दाबून बोटं अशी बधिर झाली की शेवटची वळणं ती सायकल हातात धरून चालत आली. नंबर शेवटून पहिला. ती रडली नाही, पण गावात शिरताना कुणीतरी विचारलं, "सायकल कशाला न्हेली हुतीस मग?" आणि ते तिच्या जिव्हारी लागलं. यंदा काय वाट्टेल ते होवो, घाटात पाय टेकायचा नाही.

म्हणून जाड टायरची, डोंगरात चालणारी नवी सायकल आली. तिच्या चाकांच्या मध्याशी चकचकीत चकत्या. ब्रेक म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी घेतलेला चिमटा. तो चिमटा आवळायचा कशानं, एवढंच ठरायचं होतं. वायरनं, की नळीतल्या तेलानं?

हा प्रश्न तिनं घरात काढायला नको होता.

नाथाजी फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले. ते तेलाच्या बाजूचे. हिमालयातल्या एका उतारावर त्यांनी तेलाचा ब्रेक असा काही दाबला होता म्हणे, की ट्रक तर थांबलाच, पण मागनं गडगडत येणारी दरडही विचारात पडून जागेवर थांबली. त्यांचा धाकटा भाऊ दादासो, चौकातला सायकल दुकानदार, वायरचा कट्टर. वायर तुटली तर पक्कडीनं जागेवर जोडता येते. त्याची एकदा विट्याच्या वाटेवर तुटली, तर त्यानं समोरच्या म्हशीची वेसण सोडून ब्रेकला बांधली आणि काम करून आला. परत येईतोवर म्हैस तिथंच उभी. का, तर ब्रेक लागलेला होता.

प्रियदर्शनीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि आपलंच खरं केलं. विश्रामबागेतल्या दुकानदाराला पटवून दोन्ही तऱ्हेचे ब्रेक वापरून बघायला आणले. पुढच्या चाकाला तेलाचा, मागच्याला वायरचा. दसऱ्याच्या सकाळी सागरेश्वराच्या उतारावर परीक्षा घ्यायची असं ठरलं.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातलं लोखंड कामाला लावायचं नाही, पुजायचं. आजी साळूबाईंनी विळे, कोयते, कुदळ, पंप उघडायचे पाने असं सगळं घासूनपुसून अंगणात मांडलं. ट्रॅक्टरला झेंडूची माळ पडली. सायकलही त्या पंगतीत उभी राहिली.

दसऱ्याला प्रियदर्शनी उताराच्या माथ्यावर गेली. दोघे भाऊ मोटरसायकलवरून खाली जाऊन कडेला उभे राहिले, एकमेकांकडे पाठ करून. ती सुटली. पहिलं वळण आलं, तिनं दोन्ही ब्रेक दाबले. सायकल थांबली नाही, ओरडली मात्र अशी, की पार साखर कारखान्यावर माणसांना भोंगा झाल्यासारखं वाटलं. हंगाम सुरू झाला समजून ऊसतोडीच्या टोळीवाल्यांनी गाड्या जुंपल्या, आणि उसाच्या पावत्या देणाऱ्या एका चिटबॉयनं झोपेतच दोन फाडल्या. इकडे प्रियदर्शनी वळण सोडून सरळ उसात शिरली. ऊसच तो, भल्याभल्यांना अडकवतो. त्यानं तिलाही धरून ठेवलं.

दोघे धावत आले. पोरगी धड आहे एवढं दिसलं, आणि लगेच नाथाजींनी वायर सैल पडल्याचं जाहीर केलं. तेल गळल्याचं दादासोनं त्याच दमात जाहीर केलं.

प्रियदर्शनी पाचटात बसून चकतीकडे बघत होती. दोन्ही ब्रेक एकदम, एकाच वळणावर कसे मेले? तिनं चकतीवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. हळद. बोट नाकाशी नेलं. शेंगतेल.

घरी आल्या आल्या ती सैपाकघरात गेली आणि आजीला विचारलं, चकतीला तेल लावलं का म्हणून.

"मग?" साळूबाई म्हणाल्या. "कोयत्याला पुसलं, इळ्याला पुसलं, कुदळीला पुसलं. गंजू ने म्हणून दरसालला पुसती. सगळ्यांत चकचकीत लोखंड त्येच हुतं, त्येलाच कोरडं ठिवू व्हय?"

"आज्जे, कोयत्याला चालायला तेल लागतंय," ती हसत म्हणाली. "ह्येला थांबायला कोरडं लागतंय."

"मग थांबायचं हाय तर निघतीस कशाला?" साळूबाईंनी विचारलं, आणि कढईत पुरी सोडली.

त्या तेलापुढं तेलाचा ब्रेक आणि वायरचा ब्रेक सारखेच. चिमटा कशानंही आवळा, चकती तेलकट तर तो घसरणारच. दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांकडचं स्पिरिट आणून चकत्या पुसल्या. फौजेच्या रमनं चांगल्या पुसल्या जातील असं दादासोनं सुचवलं, तेव्हा नाथाजींनी कपाटाची किल्ली कमरेला खोचली. चिमट्यातले, चकतीला घासणारे पॅड तेल प्यालेले, ते फेकून तिनं सांगलीहून नवे आणले. आणि या खेपेला तिनं दोघांनाही न्याय दिला. पुढच्या चाकाला आधी वायरचा ब्रेक, मग त्याच चाकाला तेलाचा. उतार तोच, बसणारी तीच.

वायरनं तिला जिथल्या तिथं थांबवलं, यात खोट नाही. पण तळाशी आल्यावर पाण्याच्या बाटलीचं झाकण तिच्यानं फिरेना. तेलाच्या ब्रेकवर ती एका बोटानं खाली आली आणि झाकण दातानं न उघडता पाणी प्याली. तिचं ठरलं.

संध्याकाळी ओट्यावर तिनं सांगितलं. नाथाजींनी मिशीला पीळ दिला. दादासो म्हणाला, "आन् घाटात नळी फुटली म्हंजी?"

"तर फोन करीन, तात्या. तुमी म्हस घेऊन या," ती म्हणाली. "कडेगाव ते विश्रामबाग रोज जायचं असतं तर तुमचाच बसवला असता. पर घाट मला उतरायचाय, बोटं माझी हायती. तेलाचाच बसवणार, दोन्ही चाकांना."

दादासो त्या रात्री जेवला, पण भात घेतला नाही.

रविवारी साताऱ्याला यवतेश्वराच्या माथ्यावर वारा असा होता की पंचांची शिट्टी वाजायच्या आधीच शहरात पोचत होती. प्रियदर्शनी सुटली. पहिल्या वळणांना ती मधोमध होती. पुढं घाट जसा पिळत गेला तशी पोरं मूठभर ब्रेक आवळून दात खाऊ लागली, बाहेर जाऊ लागली. ती वळणाच्या तोंडापर्यंत वेगानं जायची, एक बोट टेकायची, सायकल आज्ञेत असल्यासारखी दबायची, आणि आतल्या बाजूनं निघून जायची. गेल्या साली चालत आलेली वळणं आली. बोटं ताजी होती. तिनं पाय टेकला नाही, तिथं उलट आणखी दोघांना मागं टाकलं, आणि दुसरी आली. पहिला आला तो रहिमतपूरचा वीरधवल. त्यानं शेवटच्या वळणाला ब्रेक लावलेच नव्हते, आणि तो पुढं बराच वेळ थांबलाही नाही.

ती सायकलवरून उतरून आजोबांना शोधत गर्दीत शिरली. नाथाजी एका बाजूला उभे होते, तोंड उघडं, मिशी खाली. पुढं पोरांच्या घोळक्यात दादासो एका बोटानं हवेत ब्रेक दाबून दाखवत होता.

"वायर टाक आन् तेलाचा घाल, असं मीच बजावलं हुतं हिला," तो सांगत होता. "ह्यो आमचा थोरला भाऊ ऐकंना. ट्रक चालिवलेला माणूस, त्येला सायकलीतलं काय कळतंय."