अर्धा तास पुढे

एक जुलै आम्हा न्यूफाउंडलंडच्या लोकांना एकाच दिवसात दोनदा काढावा लागतो. सकाळी सुतक, दुपारी वाढदिवस. १९१६ साली याच सकाळी आमची आठशे पोरं फ्रान्समध्ये खंदकाबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी हजेरीला अडुसष्ट उभी होती. म्हणून बारापर्यंत झेंडा अर्ध्यावर. आणि १८६७ साली याच तारखेला कॅनडा जन्मला, म्हणून बाराला झेंडा वर, मग बँड आणि केक. गावच्या युद्धस्मारकापाशी ही दोरी ओढायचं काम माझं. मिनिटाचीही चूक कधी केली नाही, आणि त्याचा मला माज आहे.

यंदा मात्र मी झेंड्यापेक्षा रस्त्याकडेच जास्त बघत होतो. वर्नाकाकू येणार होती. तिचा मुलगा क्लेटन कंदाहारच्या लढाईत मारला गेला, तेव्हापासून ती हॅलिफॅक्सला लेकीकडे राहते. स्मारकाकडे फिरकली नाही, माझ्याशी बोलली नाही. सैन्यभरतीला क्लेटनला मीच ओढून नेलं होतं. डोळ्यांपायी मी नापास झालो, तो पास. "झेंडा चढायच्या आत पुष्पचक्र ठेवीन," असा तिनं नगराध्यक्षांना निरोप धाडला होता.

बारा वाजले. रस्ता रिकामाच. नगराध्यक्ष रेज हिस्कॉक केकची सुरी घेऊन आला.

"ओढ की, अँब्रोज."

"दोरी अडकलीय."

"बरी आजच अडकली! सोहळ्याचे बारा वाजवशील तू."

"वाजू नयेत म्हणूनच तर धडपडतोय."

लोक कुजबुजायला लागले. बारा पाचला काकूची गाडी वळणावर दिसली. ती सावकाश उतरली, मनगटाकडे पाहिलं.

"पंचवीस मिनिटं आहेत अजून. उगीच जीव खाल्ला त्या ड्रायव्हरचा."

घड्याळ हॅलिफॅक्सचं! आमची घड्याळं त्यांच्या अर्धा तास पुढे. परत आलेलं आमचं माणूस एकदा तरी फसतंच. रेजनं तोंड उघडलं, मी डोळे वटारले, त्यानं सुरी पाठीमागे लपवली.

काकूनं पुष्पचक्र ठेवलं आणि तिथंच उभी राहिली. अख्खं गाव उभं राहिलं. तिच्या घड्याळात बारा वाजल्यावर मी दोरी ओढली.

ती जवळ आली. "चर्चचं घड्याळ दिसतं रे मला. साडेबारा झालेत."

मी मान खाली घातली.

"तुझं तोंड बघायला नको म्हणून आले नाही इतकी वर्षं," ती म्हणाली. "चल आता, केक खाऊ."

मी रेजकडून सुरी घेतली आणि पहिला तुकडा तिला दिला.